नळी साफ, दुखणं खरं

मावशीने प्लॅस्टिकच्या पिशवीतून फाइल काढली आणि माझ्यासमोर ठेवली. वर अँजिओग्राफीची सीडी, तिच्याखाली ईसीजीचे गुलाबी रेघांचे कागद, टू-डी एकोचा रिपोर्ट आणि सगळ्यांत शेवटी डिस्चार्ज कार्ड. कार्डावर एक ओळ होती: नॉर्मल कोरोनरीज. मावशी ५४ वर्षांची. तीस वर्षं घरीच ब्लाउज शिवते. ओल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर जाताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिच्या छातीत कुणीतरी मूठ आवळावी तसं होतं, घाम सुटतो, पायरीवर बसलं की दहा-पंधरा मिनिटांत ओसरतं. "नळ्या साफ आहेत म्हणाले. मनाचं आहे म्हणाले. गॅसच्या गोळ्या दिल्यात," ती म्हणाली. जरा वेळाने पुन्हा म्हणाली, "मला खोटं पाडल्यासारखं वाटलं रे."

हा लेख तिच्या त्या वाक्यासाठी लिहितो आहे. माझं म्हणणं सरळ आहे. हृदयविकार म्हणजे ब्लॉकेज, हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलं आहे की ज्या आजाराचं घर मोठ्या नळीत नाही, तो आपल्याला आजारच वाटत नाही. आणि पोटावर चरबी, रक्तात चढती साखर, जरा वाढलेला दाब असं गाठोडं घेऊन फिरणाऱ्या आपल्यासारख्या समाजात नेमका तोच आजार फार महत्त्वाचा आहे.

कुणाची अँजिओग्राफी झाली की भेटायला आलेले पहिला प्रश्न विचारतात, "किती निघाले?" उत्तर आकड्यात येतं: दोन, एक नव्वद टक्के, एक सत्तर. शून्य निघाले तर पेढे. ही भाषा तंत्राच्या पाठीवर बसून आली. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स यांच्या हातून एका तपासणीत चुकून हृदयाच्या रोहिणीतच रंगद्रव्य गेलं. त्या अपघातातून ती रोहिणी स्वतंत्रपणे पाहण्याची रीत सापडली. १९७७ मध्ये झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी अरुंद झालेली रोहिणी फुग्याने रुंद केली. आधी दिसायला लागलं, मग दुरुस्त करता यायला लागलं. या दोन गोष्टींनी असंख्य जीव वाचवले, याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण त्यातून एक सवयही लागली: जे पडद्यावर दिसतं तेवढंच खरं.

पडद्यावर दिसतं किती? साधारण अर्ध्या मिलिमीटरहून जाड असलेल्या वाहिन्या. त्यापुढचं सगळं जाळं, म्हणजे बारीक रोहिण्या, त्यांच्याहून बारीक उपरोहिण्या आणि शेवटच्या केशवाहिन्या, अँजिओग्राफीत धुरकट सावलीसारखं उमटून जातं. प्रत्यक्षात हृदयाच्या स्नायूला किती रक्त मिळायचं याचा हिशोब त्या सावलीतच होतो. निरोगी माणसात रक्ताला होणारा जवळजवळ सगळा अडथळा, आणि म्हणून सगळं नियंत्रण, या बारीक वाहिन्यांकडे असतं. वरच्या जाड रोहिण्या फक्त वाहून आणतात.

ज्यांचं शेत कालव्याच्या टेलला आहे त्यांना हे लगेच कळेल. धरण भरलेलं असतं, मुख्य कालवा काठोकाठ वाहत असतो, अधिकारी जीपमधून कालव्याच्या कडेने जातो आणि आवर्तन सुरू झाल्याची नोंद करतो. कागदावर ते खरंही असतं. पण मायनरला पाणी नीट वळलेलं नसतं, चारी गाळाने आवळलेली असते, आणि टेलचा ऊस सुकत असतो. त्या शेतकऱ्याला "कालवा तर वाहतोय, तुझा भ्रम असेल" असं कुणी म्हटलं तर त्याचं काय होईल? मावशीचं तेच झालं.

हृदयाच्या बाबतीत हे टेलचं दुखणं जास्त बोचतं, कारण हृदयाकडे शिलकीत काही नसतं. शरीराचे इतर अवयव आलेल्या रक्तातला सरासरी पाव हिस्सा ऑक्सिजन काढून घेतात आणि बाकीचा परत पाठवतात. काम वाढलं की त्या उरलेल्यातून आणखी घेतात. हृदयाचा स्नायू मात्र माणूस निवांत बसलेला असतानाच सत्तर-ऐंशी टक्के ऑक्सिजन उपसून घेतो. जिना चढताना जास्त हवा असेल तर त्याला एकच मार्ग उरतो: जास्त रक्त. निवांत असताना हृदय स्वतःसाठी मिनिटाला सुमारे पाव लिटर रक्त घेतं आणि धडधाकट माणसात गरजेला तो प्रवाह चार-पाचपट होऊ शकतो. या वाढीच्या कुवतीला कोरोनरी फ्लो रिझर्व्ह म्हणतात. मराठीत प्रवाहाची राखीव ताकद म्हणू. ती दुपटीच्या आसपासच अडकली, तर बादली घेऊन जिना चढणाऱ्या बाईचं हृदय खरोखर उपाशी राहतं. त्यात आणखी एक मेख आहे. डाव्या कप्प्याच्या भिंतीला रक्त मुख्यतः हृदय सैल पडतं त्या क्षणांत मिळतं. ठोके वाढले की ते सैल क्षणच आखूड होतात. म्हणजे मागणी वाढते तेव्हाच पुरवठ्याची वेळ कमी होते.

बारीक वाहिनी जराशी आवळल्याने एवढं काय बिघडतं, असं वाटू शकतं. प्रवाहाचं गणित मोठं निष्ठुर आहे. नळीतला प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या दहा टक्क्यांनी घटली, तर दाब तोच असताना प्रवाह सुमारे एक तृतीयांशाने घटतो. दहा टक्क्यांचा हा आवळा कुठल्याही सीडीत दिसणार नाही.

ही चारी उघडायची कुणी, हा पुढचा प्रश्न. कालव्यावर पाटकरी असतो, तसा इथे वाहिनीच्या आतल्या अंगाला एकाच पेशीच्या जाडीचा थर असतो, तिचं अस्तर. १९८० पर्यंत त्याला कुणी फारसं मोजत नव्हतं. त्या वर्षी रॉबर्ट फर्चगॉट आणि त्यांचे सहकारी झावाड्झकी यांनी दाखवलं की सशाच्या महारोहिणीच्या तुकड्याला एक विशिष्ट औषध लावलं तर तो सैल पडतो, पण आतलं अस्तर खरवडलं गेलं असेल तर पडत नाही. म्हणजे स्नायूला सैल हो म्हणणारा निरोप अस्तराकडून जातो. तो निरोप नायट्रिक ऑक्साइड नावाच्या साध्या वायूचा आहे हे पुढे उलगडलं आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं.

आता आपल्या पोटाच्या घेराकडे येतो. इन्शुलिन पेशींना साखर घ्यायला लावतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेच इन्शुलिन अस्तरालाही दोन निरोप देतं: एक नायट्रिक ऑक्साइड सोडण्याचा, म्हणजे वाहिनी सैल करण्याचा, आणि दुसरा एंडोथेलिन सोडण्याचा, म्हणजे आवळण्याचा. निरोगी शरीरात दोन्हींचा तोल राहतो. पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा झाल्या की पहिला निरोप अडतो, पण दुसरा तसाच पोहोचत राहतो. वर शरीर ही दाद मिळवायला इन्शुलिन आणखी ओतत राहतं, त्यामुळे आवळण्याचा निरोप अधिकच जोरात जातो. साखर अजून मधुमेहाच्या रेघेखाली असते, अँजिओग्राफी स्वच्छ असते आणि हृदयाच्या बारीक चाऱ्या मात्र अर्ध्याच उघडत असतात. या वाहिन्यांभोवतीची चरबी, वाढलेला दाब, मंद धुमसता दाह हे सगळे पुढे त्यात भर घालतात, आणि वर्षानुवर्षांत मोठ्या रोहिणीतही थर साचवतात. म्हणून बारीक वाहिन्यांचा आजार हा मोठ्या नळीच्या आजारापेक्षा वेगळा, निरुपद्रवी प्रकार आहे असं कुणी समजू नये. पुष्कळदा तो त्याच गोष्टीचं आधीचं प्रकरण असतो.

छातीतलं हे दुखणं आणि इन्शुलिनचा हा बिघाड, या दोन टोकांना वैद्यकाच्या इतिहासात योगायोगाने एकच नाव मिळालं होतं. १९७३ मध्ये हार्वे केम्प यांनी छातीत दुखतं पण रोहिण्या स्वच्छ आहेत अशा रुग्णांच्या दुखण्याला 'सिंड्रोम एक्स' म्हटलं, कारण ज्या अभ्यासावर ते लिहीत होते त्यात या रुग्णांच्या गटाला 'एक्स' हे अक्षर दिलेलं होतं. पंधरा वर्षांनी, १९८८ मध्ये, जेराल्ड रीव्हन यांनी इन्शुलिनला दाद न देणं, वाढलेला रक्तदाब, चढलेले ट्रायग्लिसराइड आणि घसरलेलं एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) या एकत्र आढळणाऱ्या गोष्टींना वेगळ्याच संदर्भात 'सिंड्रोम एक्स' हेच नाव दिलं. त्याचंच पुढे मेटाबॉलिक सिंड्रोम झालं. नव्वदच्या दशकात पहिल्या एक्सच्या रुग्णांची तपासणी झाली तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांमध्ये दुसरा एक्स सापडला: त्यांच्या पेशीही इन्शुलिनला नीट दाद देत नव्हत्या. हृदयाचा डॉक्टर एका दारात आणि मधुमेहाचा दुसऱ्या दारात बसतो, म्हणून रुग्णाला दोन केसपेपर काढावे लागतात. दुखणं एकच आहे.

रीव्हन यांची आणखी एक गोष्ट मला आपल्यासाठी फार मोलाची वाटते. त्यांनी आपल्या मूळ यादीत लठ्ठपणा घातलाच नव्हता. अंगाने बारीक माणसातही हे सगळं असू शकतं, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्याचा सर्वांत बोलका पुरावा पुण्यातून आला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चार्टवर दोघंही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. एका भारतीय डॉक्टरने स्वतःच्याच शरीराचा दाखला करून जगाला सांगितलं की वजनकाटा आपल्याला फसवतो. हातपाय काडीसारखे, दंडाला स्नायू बेताचा आणि सदऱ्याखाली छोटीशी ढेरी: हे वर्णन वाचताना आपल्याच घरातले दोन-तीन चेहरे डोळ्यांपुढे येतील.

याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा सुरू केला. ही बाळं जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्याही खाली होती, इंग्लंडातल्या साउदम्प्टनच्या बाळांपेक्षा पाऊण किलोहून हलकी. पण ही घट अंगात सगळीकडे सारखी नव्हती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, चरबी मात्र बरीचशी राखलेली. गर्भात असतानाच शरीराने ठरवलं होतं की बाहेर तंगीचे दिवस आहेत, चरबी जपा. पुण्यातल्याच आधीच्या एका अभ्यासात, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आठ वर्षांच्या मुलांची पाहणी होती. जी मुलं जन्मतः हलकी होती आणि आठव्या वर्षी अंगाने भरली होती, त्यांच्यात इन्शुलिनला दाद न देण्याची खूण सर्वांत ठळक होती. "बाळसं धरलं हो लेकराने" म्हणत आपण ज्याची दृष्ट काढतो, त्या बाळशाबद्दल मी हे लिहितो आहे. आईच्या मायेला दोष नाही. उपाशी पोटी कामाला जुंपलेल्या गरोदर बाईकडे कुणी पाहिलं नाही, दोष त्याचा आहे.

तंगीत घडलेली शरीरं जनावरांतही दिसतात. अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावर ओसाबॉ नावाचं बेट आहे. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी स्पॅनिश लोकांनी आणलेल्या डुकरांचे वंशज तिथे रानटी राहतात. हंगामात बलुताची फळं भरपूर, एरवी फाके. अशा बेटावर जी डुकरं चरबी साठवू शकली ती टिकली. हीच डुकरं प्रयोगशाळेत आणून भरपेट, तेलकट-गोड खाऊ घातली की त्यांना काही महिन्यांत पोटाची चरबी, इन्शुलिनचा रोध, रक्तदाब, वाईट लिपिड असं अख्खं गाठोडं येतं. त्यांच्या हृदयाचा रक्तप्रवाह संशोधकांनी मोजला तेव्हा दिसलं की श्रमाच्या वेळी हृदयाला लागेल तेवढं रक्त वाढून मिळत नाही. पुरवठा मागणीच्या मागे पडतो. बेटावरच्या डुकरांत हे पिढ्यांच्या निवडीतून आलं, पुण्याच्या गावांत मुख्यतः आईच्या पोटातल्या तंगीतून. दोन्हींची कारणं एकच आहेत असं मी म्हणत नाही. पण तंगीसाठी घडलेल्या शरीरावर अचानक सुबत्ता लोटली की मार हृदयाच्या बारीक वाहिन्यांनाही बसतो, हे त्या जनावरांनी दाखवून दिलं.

आणि सुबत्ता लोटली आहे. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले: भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह, आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर, आणि जवळजवळ चाळीस टक्के प्रौढांच्या पोटाचा घेर मर्यादेबाहेर.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप खुद्द तज्ज्ञांचा. २००५ मध्ये अमेरिका आणि युरोपच्या मधुमेह संघटनांनी मिळून विचारलं की मेटाबॉलिक सिंड्रोम या नावाने सुट्या धोक्यांच्या बेरजेपेक्षा जास्त काही कळतं का. रीव्हन यांनाही पुढे त्या नावाच्या उपयोगाबद्दल शंका वाटू लागली. मला ही शंका रास्त वाटते. नावावर अडून बसायचं कारण नाही. पण दवाखान्यात मावशीसारखी बाई येते तेव्हा ती सुटे धोके घेऊन येत नाही. साखर ११२, दाब १३८, एचडीएल ४१ आणि कमरेवर चरबी, हे सगळं एकाच अंगात असतं. चार कागदांवर चार खुणा, प्रत्येक खूण "जरा जास्त, पथ्य पाळा" एवढीच. नाव असो नसो, चारी खुणा एकत्र वाचणारा माणूस हवा.

दुसरा आक्षेप मोठा आहे: मग काय स्टेंट टाकू नयेत? ॲटॅक आलेल्या माणसाची बंद रोहिणी तासाभराच्या आत उघडली तर त्याचं आयुष्य बदलतं, तिथे एक मिनिटही वाद नको. प्रश्न आहे तो ॲटॅक न येता फक्त श्रमाने छातीत दुखणाऱ्या, स्थिर रुग्णांचा. २००७ मध्ये २,२८७ रुग्णांवरच्या करेज चाचणीने आणि २०२० मध्ये ५,१७९ रुग्णांवरच्या इस्केमिया चाचणीने अशा स्थिर रुग्णांत स्टेंट किंवा बायपासची घाई केल्याने मृत्यू आणि ॲटॅक कमी होत नाहीत, असं दाखवलं. छातीचं दुखणं कमी व्हायला मदत होते, ती खरी. जर्मनीत हॅम्ब्रेख्ट आणि सहकाऱ्यांनी याहून साधी गोष्ट करून पाहिली. २००० मध्ये त्यांनी दाखवलं की चार आठवड्यांच्या नियमित व्यायामाने हृदयाच्या रोहिणीचं अस्तर पुन्हा उघडायला शिकतं. २००४ मध्ये १०१ स्थिर रुग्णांपैकी निम्म्यांना स्टेंट आणि निम्म्यांना रोजची सायकल दिली. वर्षभरात पुन्हा त्रास न झालेले सायकलवाल्यांत ८८ टक्के, स्टेंटवाल्यांत ७० टक्के. अभ्यास लहान होता, पण पाटकऱ्याला पुन्हा कामावर आणता येतं हे त्यातून कळलं.

आपल्याकडे पैशाचा ओघ मात्र एकाच दिशेने वाहतो. २०१७ मध्ये केंद्राने औषधी लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर आणली, चांगलं केलं. राज्याच्या जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, तेही चांगलं. पण मावशीला रोज पाऊण तास कसं चालायचं, किती दिवसांत वाढवायचं, कुठे थांबायचं हे समजावून सांगणाऱ्या माणसाच्या तासाभराचे पैसे कुठल्याच पॅकेजमध्ये बसत नाहीत. बारीक वाहिन्यांची राखीव ताकद मोजता येते. अँजिओग्राफीच्याच टेबलावर एक संवेदक तार आणि एक औषध लागतं. ती तपासणी सगळ्यांची करा असं मी म्हणणार नाही. पण निदान "नॉर्मल" लिहिण्याआधी "मोठ्या रोहिण्या" हे दोन शब्द लिहा. "मोठ्या रोहिण्या स्वच्छ आहेत, दुखण्याचं कारण अजून शोधायचं आहे" एवढं वाक्य डिस्चार्ज कार्डावर असतं, तर मावशीने गॅसच्या गोळ्यांवर आठ महिने काढले नसते. आणि "मनाचं आहे" हे वाक्य पुरुषांपेक्षा बायकांना फार लवकर ऐकवलं जातं. स्वच्छ रोहिण्या असूनही खरोखरचं हृदयाचं दुखणं असलेल्यांत बायकांचं प्रमाण जास्त आहे, हे हृदयरोगशास्त्राला माहीत होऊन कितीतरी वर्षं झाली.

त्या दुपारी मी मावशीला विचारलं, "टेप कुठंय तुझी?" ती हसली. टेप गळ्यातच होती, तीस वर्षांपासून असते तशी. तिने गावातल्या हजारभर बायकांच्या कमरा मोजल्या आहेत, स्वतःची कधी नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप आवळायची नाही की सैल सोडायची नाही; हे मी सांगेपर्यंत तिने सराईत हाताने फिरवूनही घेतली होती. दक्षिण आशियातल्या बायकांसाठी मर्यादा ८० सेंटिमीटरची, पुरुषांसाठी ९०. मावशीची ९३ भरली. तिच्या फाइलमध्ये एकोणीस कागद होते. मी सगळे पुन्हा चाळले. तो आकडा एकाही कागदावर नव्हता.